गेटवर जमा

सगळं हॉस्पिटल त्याला मेजर म्हणायचं. सैन्यात तो कधीच नव्हता. तरुणपणी एकदा भरतीला उभा राहिला होता, तेव्हा छाती दोन बोटं कमी भरली आणि टेप धरणारा माणूस फिदीफिदी हसला होता. पण टोकदार मिशा, कपड्यांना कडक इस्त्री आणि लोकांना 'एक पाऊल मागे' म्हणायची तऱ्हा, यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच.

मुख्य दारातून आत आलं की काचेच्या अलीकडे त्याचं टेबल. टेबलावर निळा प्लास्टिकचा ट्रे, रजिस्टर, आणि फळीवर खिळ्यांना अडकवलेले नंबराचे पितळी बिल्ले. आत जाणाऱ्याने खिशातलं काय असेल ते ट्रेमध्ये काढायचं. लायटर, ब्लेड, कात्री, चाकू मेजर ठेवून घेणार आणि बदल्यात बिल्ला देणार. परत जाताना बिल्ला द्या, वस्तू घ्या. पूर्वी कधीतरी एका वॉर्डात कुणीतरी कुणावर तरी वार केला होता, तेव्हापासूनचा हा नियम. तीस दिवसांत कुणी नेली नाही ती वस्तू भंगारात.

मेजरला वेड होतं घडीच्या चाकूंचं. कारखान्यात हजारांनी निघतात ते नव्हेत. जुने, हाताने घडवलेले, शिंगाच्या नाहीतर हाडाच्या मुठीचे, कुणाच्यातरी खिशात वर्षानुवर्षं राहून गुळगुळीत झालेले. पहिला चाकू खरोखरच बेवारस होता. तो जमा करून आत गेलेला माणूस पायांनी बाहेर आलाच नाही, आणि त्याच्या घरच्यांना चाकू आठवण्याचं काही कारण नव्हतं. तिसाव्या दिवशी मेजरने तो भंगाराच्या पेटीऐवजी खिशात टाकला. दुसराही तसाच मिळाला. तिसऱ्यापासून मात्र त्याला वाट बघवेना.

युक्त्या सोप्या होत्या. बिल्ला घेऊन माणूस आला की म्हणायचं, पेटीची किल्ली दुसऱ्या पाळीकडे आहे, उद्या या. उद्या आला की म्हणायचं, लेखी अर्ज लागतो, दुसरा मजला. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी त्याला पुन्हा खाली पाठवायची. मेजर गिऱ्हाईक निवडायचा तेही पारखून. हातात एक्स-रेचं पाकीट घेऊन जांभया देणारा नको, तो भांडतो. ज्याचं माणूस वर अतिदक्षता विभागात नळ्या लावून पडलंय, तो बरा. तो एकदा विचारतो, दोनदा विचारतो, मग त्याला दुसरंच काही विचारायची वेळ येते.

असे एकशे त्रेचाळीस चाकू झाले होते. घरी बायकोचं शिवणाच्या दोऱ्यांचं कपाट होतं, बारा चपट्या खणांचं. रिळं बिस्किटांच्या डब्यात गेली आणि खणांत निळ्या फ्लॅनेलवर चाकू आले. रविवारी आंघोळ करून, दाढी करून तो कपाटापुढे बसायचा. एकेक चाकू काढून उघडायचा. पातं अर्ध्यावर आलं की क्षणभर थबकावं, मग पुढे जाऊन 'टक्' करून बसावं. तो आवाज ऐकताना त्याचे डोळे आपोआप मिटायचे. सांध्यात सुईच्या टोकाने तेलाचा एक थेंब, वर मऊ फडक्याचा हात. धार तो कधी लावायचा नाही. कापायचं काही नव्हतंच त्याला.

प्रत्येकाला नाव होतं. मधाच्या रंगाच्या शिंगाचा होता तो 'मेंदूच्या गाठीवाला'. दोन पात्यांचा, पितळी टोप्यांचा, 'जुळ्यांचा बाप'. लाकडी मुठीवर फिरणारं कडं असलेला 'मूत्रपिंड'. एकदा बायकोने ही नावं ऐकून विचारलं, "असं काय बाई नाव?" तर तो म्हणाला, "भंगारवाल्याची भाषा आहे." चाकू भंगारवाल्याकडून येतात असंच तिला वाटायचं.

हे सगळं ठाऊक असलेली दोनच माणसं होती. एक घड्याळजी, बाजाराच्या मागच्या बोळात घड्याळं दुरुस्त करणारा, जो स्वतःही चाकू जमवायचा आणि कुठून आणलास हे कधी विचारायचा नाही. दुसरी टेबलाच्या पलीकडे उभी राहून बायकांच्या पिशव्या तपासणारी ताई. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण आठ वर्षं एका माणसाच्या हाताकडे बघत उभं राहिलं की सांगावं लागत नाही.

म्हातारा माळी आला तो एका सोमवारी. पायात धुऊन वाळवलेले बूट, तरी शिवणीत माती होतीच. नर्सरीत कामाला होता, गुलाबाची कलमं करायचा, रानगुलाबाच्या सालीखाली चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे अंकुर, बसवून. त्याने खिसे उलटे केले. रुमाल, चष्म्याचं घर, रबराच्या पातळ पट्ट्यांची गुंडाळी, आणि एक चाकू.

मेजरच्या तोंडाला पाणी सुटलं. चाकू लहानच होता. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, आणि ज्या जागी अंगठा बसतो तिथे ती इतकी झिजलेली की लाकडात खळगा पडला होता. पातं एकच, सरळ, धार लावून लावून निम्मं उरलेलं. त्याने ते नखाने उघडलं. मध्ये थबकलं. टक्.

"जपून ठेवा हो साहेब," म्हातारा म्हणाला. "हातातला आहे."

"इथे काही हरवत नाही, आजोबा."

सोमवारी, मंगळवारी चाकू संध्याकाळी परत गेला. दोन्ही दिवस तो मेजरच्या ड्रॉवरमध्ये होता आणि दोन्ही दिवस मेजरने तो इतक्या वेळा उघडमीट केला की बोटाचं नख दुखायला लागलं. म्हाताऱ्याची बायको तिसऱ्या मजल्यावर होती, उजव्या बाजूला अर्धांगवायू झालेली. म्हणजे मुक्काम लांबणार होता.

बुधवारी मेजर म्हणाला, "आधी सही करा, आजोबा. मागे रांग आहे, वस्तू मी मागून लिहितो."

म्हाताऱ्याने सही केली, एकतीस नंबरचा बिल्ला घेतला आणि तो जिन्याकडे गेला. संध्याकाळी त्याने बिल्ला टेबलावर ठेवला तेव्हा मेजरने पेटीतून एक नेलकटर काढून त्याच्यापुढे सरकवलं.

म्हातारा हसला. त्याला वाटलं, चूक झाली. "हे नव्हे साहेब. माझा चाकू."

मेजरने रजिस्टर फिरवून बोट ठेवलं. "एकतीस. नेलकटर, एक नग. सही कुणाची?"

"माझी."

"मग?"

"अहो, नेलकटर मी उभ्या जन्मात वापरलं नाही. नखंसुद्धा मी त्या चाकूनेच..."

"आजोबा, मागे रांग आहे."

रांग खरोखरच होती. म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं, लोकांची अडचण होते आहे म्हणून ओशाळला, आणि बाजूला झाला. नेलकटर त्याने घेतलं नाही. "कुणाचं तरी असेल, त्याला द्या," म्हणाला. टेबलाच्या पलीकडे ताई कुणा बाईच्या पिशवीत हात घालून उभी होती. तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं. मेजरने त्याला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. तिथे कळलं, तक्रारीचे साहेब मंगळवारी बसतात. म्हातारा मंगळवारपर्यंत थांबला, पण रोज सकाळी आत जाताना आणि रोज संध्याकाळी बाहेर पडताना टेबलापाशी थांबून एकदा विचारायचा. आवाज चढवायचा नाही. "सापडला का हो?" एवढंच. जणू मेजरही त्याच्याबरोबर शोधतोय.

"शोधतोय, आजोबा. माझा पण जीव लागलाय त्याच्यात," मेजर म्हणायचा. हे खोटं नव्हतं.

मधल्या रविवारी त्याने चाकू नीट न्याहाळला होता. सगळं मनासारखं होतं, एक गोष्ट सोडून. पात्याच्या पाठीवर, टोकाच्या जरा अलीकडे, मसुराच्या दाण्याएवढा एक उंचवटा होता. सरळ पाठीवर तो मेजरला फोडासारखा वाटला. घडवताना राहिलेला दोष, दुसरं काय? त्याने पातं फडक्यात गुंडाळून शिकंज्यात धरलं, बारीक कानस घेतली आणि तो उंचवटा घासून काढला. मग पॉलिश पेपर, मग तेल. वीस मिनिटांचं काम. पाठ एका रेषेत आली. खणात ठेवताना त्याने नाव ठरवलं, 'उजवी बाजू'.

तक्रारीचा अर्ज बुधवारी 'गेटच्या अभिप्रायासाठी' खाली आला. शेजाऱ्याकडून लिहून घेतलेला असावा, पण खाली चाकूचं चित्र म्हाताऱ्याने स्वतः काढलं होतं. बारीक पेन्सिलीने, उघडा आणि मिटलेला, दोन्ही. मुठीतला खळगासुद्धा छायेने दाखवला होता. आणि पात्याच्या पाठीवरच्या उंचवट्याला बाण काढून लिहिलं होतं: 'डोळा भरताना याने साल उचलायची. हे महत्त्वाचं. बाकी कुठल्याही चाकूने साल फाटते.'

मेजरने ते तीनदा वाचलं. त्याचे कान गरम झाले. एकशे त्रेचाळीस चाकू हाताळलेला माणूस तो, घड्याळजीसुद्धा कधी कधी त्याला विचारायचा, आणि एका मातीत हात घालणाऱ्याने पेन्सिलीच्या एका बाणाने त्याला अडाणी ठरवलं होतं. आपण काय घासून काढलं हे त्याला आत्ता कळलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटला तो संताप, आणि तोही म्हाताऱ्याचाच. हे आधी सांगायला काय झालं होतं याला?

त्याने अर्जावर लिहिलं, 'अशी वस्तू जमा झाल्याची नोंद नाही,' आणि कागद वर पाठवून दिला.

त्या दिवसापासून म्हाताऱ्याची झडती कडक झाली. बूट काढा. मोजे काढा. चष्म्याचं घर उघडा. रबराच्या पट्ट्यांची गुंडाळी? ठेवा इथे, गळा आवळता येतो याने. बायकोला भरवायला आणलेला चमचा स्टीलचा होता, तोही ठेवून घेतला. "आत प्लास्टिकचे मिळतात." म्हातारा खाली वाकून बूट घालायचा तेव्हा त्याला तोल सावरायला टेबलाची कड धरावी लागायची. मेजर म्हणायचा, "टेबलाला हात नको." रांगेतले लोक दुसरीकडे बघायचे. ज्याला आत जायचंय तो गेटवरच्या माणसाशी वैर घेत नाही.

ताई मात्र म्हाताऱ्याशी बोलायला लागली होती. बोलायला म्हणजे, तो बाहेरच्या बाकावर डबा खायचा तेव्हा ती दोन मिनिटं शेजारी टेकायची. परत आली की मेजरला ऐकवायची, त्याने विचारलेलं नसताना.

"चाळीस वर्षं दोघं मिळून कलमं करतात. हा कापून डोळा बसवतो, आजी मागून पट्टी बांधत येते. रोज शंभर, दीडशे. साल सुटायचे दिवस वर्षातून तीन आठवडेच असतात म्हणे. ते आता चालू आहेत. सकाळी इथे, दुपारी नर्सरीत. कुणाचा तरी चाकू घेऊन करतो, तर साल फाटते, डोळे काळे पडतात. एक धरत नाही."

"मग दुसरं काम बघावं."

"आजी रोज विचारते. बोलता येत नाही नीट, डाव्या हाताची बोटं दाखवते. किती लागले? हा सांगतो, शंभरातले नव्वद."

"बायकोशी खोटं बोलायला काही चाकू लागत नाही," मेजर म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर मनसोक्त हसला.

ताई हसली नाही. ती त्याच्या हातांकडे बघत होती.

पुढच्या गुरुवारी तिने चाकू पाहिला. खणात ठेवून मेजरला चैन पडेनासं झालं होतं, म्हणून तो खिशात घेऊन फिरायला लागला होता. चहाच्या सुट्टीत तो बॉयलरच्या खोलीमागे उभा राहून त्या चाकूने नखं कोरत होता. ताई कोपऱ्यावरून वळली आणि समोर येऊन उभी राहिली. अर्ज वर नेऊन देणारी तीच होती. चित्र तिने पाहिलं होतं.

"उद्या संध्याकाळी तो बाबांना द्या," ती म्हणाली.

"काय द्या?"

"मेजर, आठ वर्षं तुमच्या शेजारी उभी आहे. पुष्कळ पाहिलं, पुष्कळ गिळलं. माझं मला माहीत आहे मी काय आहे ते. पण हा नाही गिळवत. उद्या नाही दिलात तर परवा सकाळी मी सुपरवायझरच्या खोलीत बसलेली असेन."

मेजरने चाकू मिटला. "बरं," म्हणाला.

रात्रभर तळमळला असता तर तो वेगळा माणूस झाला असता. तो छान झोपला, आणि सकाळी दाढी करताना त्याला सगळं सुचलं.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने स्वतःच सुपरवायझरला खाली बोलावून आणलं. सुपरवायझर गोल, घामट, सतत घाईत असलेला माणूस. मेजर खड्या आवाजात म्हणाला, "साहेब, भंगाराच्या पेटीत तळाला एक चाकू सापडलाय. त्या आजोबांचा असेल तर तुमच्या समोर द्यावा म्हटलं. उगाच नंतर बोलणं नको."

ताई चमकली. तिला वाटलं, इज्जत वाचवायला करतोय, करू दे. म्हातारा जिन्यावरून खाली येताना दिसला तशी तीच पुढे धावली. "बाबा, सापडला!"

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की सुपरवायझरही घटकाभर घाई विसरला. त्याने दोन्ही हात पुढे केले. मेजरने ट्रे पुढे केला. म्हाताऱ्याने चाकू उचलला, अंगठा आपसूक खळग्यात जाऊन बसला, आणि तो "हाच, हाच," म्हणाला. नखाने पातं उघडलं. टक्. मग त्याचा अंगठा पात्याच्या पाठीवरून टोकाकडे गेला.

थांबला. मागे आला. पुन्हा गेला.

म्हाताऱ्याने चष्मा लावला. चाकू काचेच्या दाराकडे, उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग त्याने चष्म्यावरून मेजरकडे पाहिलं. आजवर त्याने मेजरकडे असं पाहिलं नव्हतं, काही न मागता. मेजर त्याच्या नजरेला नजर देऊन उभा राहिला.

"हा माझा नाही," म्हातारा म्हणाला.

"बाबा, नीट बघा ना!" ताई कळवळून म्हणाली. "आत्ताच हाच म्हणालात. मूठ बघा, लाकूड बघा."

"मूठ तशीच आहे, पोरी. पण माझा नाही."

त्याने पातं मिटलं. अर्ध्यावर थांबून, मग बोटाने सावकाश, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार ओढावं तसं. चाकू ट्रेमध्ये ठेवला.

"तसं लिहून द्या," मेजर म्हणाला.

'दाखवलेली वस्तू माझी नाही.' म्हाताऱ्याने या वेळी आधी पूर्ण वाचलं, मग सही केली.

तो गेल्यावर ताईला राहवलं नाही. "साहेब, चाकू त्यांचाच आहे. यांनी ढापला होता. काल यांच्या हातात मी पाहिला!"

"ऐकलंत?" मेजर सुपरवायझरला म्हणाला. त्याने आवाज मुद्दाम खाली ठेवला होता. "ज्याची वस्तू तो म्हणतो माझी नाही, सही करून देतो, आणि या म्हणतात मी चोर. वीस वर्षं या दारात उभा आहे, साहेब. हा आळ घेऊन मी उद्यापासून लोकांचे खिसे कुठल्या तोंडाने तपासू?"

सुपरवायझरला भांडण नको होतं. सोमवारपासून ताईची बदली मागच्या फाटकावर झाली, जिथून घाणेरडे कपडे आणि कचऱ्याच्या गाड्या बाहेर जातात. तिथे छप्पर नव्हतं आणि खुर्चीही नव्हती. तिच्या जागी एक नवी मुलगी आली. ती पहिल्याच दिवशी मेजरला म्हणाली, "काका, मी काय करायचं ते तुम्ही सांगा," आणि मेजरने तिला सांगितलं, "फक्त पिशव्यांत बघायचं."

आता चाकू रीतसर बेवारस होता. रविवारी मेजर तो घेऊन घड्याळजीकडे गेला. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं, मूठ पाहून "वा," म्हणाला, सांधा पाहून "वावा," म्हणाला, आणि पात्याची पाठ पाहून भिंग काढलं.

"पाठ घासलीय कुणीतरी."

"असं?"

"कलमाचा चाकू आहे हा. इथे साल उचलायचा उंचवटा असतो, तोच याचा जीव. कुण्या गाढवाने कानस चालवलीय. बघ ना, ओरखडे दिसतात अजून. पॉलिशसुद्धा धड केलं नाही." त्याने चाकू गल्ल्यावरून मेजरकडे सरकवला. "संग्रहात ठेवायच्या लायकीचा नाही राहिला. सुतळी काप याने."

"मालकच अडाणी असणार," मेजर म्हणाला.

"असणारच," घड्याळजी म्हणाला आणि समोरच्या उघड्या घड्याळाकडे वळला.

सोमवारी मेजरने तो चाकू खरोखरच टेबलावर टाकला. पार्सलांची सुतळी कापायला, पेन्सिलींना टोक काढायला. कपाटाच्या खणात त्याच्या जागी दुसरा आला. आठवड्याभरात त्याच्या पात्याला चिकटपट्टीचा गोंद चढला.

म्हातारा रोज येत राहिला. आता तो काही विचारायचा नाही. खिसे रिकामे करून, बूट आधीच हातात घेऊन रांगेत उभा असायचा. टेबलावरचा चाकू त्याला दिसत असणारच.

मग आजीला घरी सोडलं. सकाळी अकराचा सुमार, दारात ही गर्दी. म्हातारा चाकांची खुर्ची ढकलत आला. खुर्चीत आजी होती, बारीकशी, उजवा हात मांडीवर पालथा पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे लख्ख. महिनाभर तिसऱ्या मजल्यावरचं छत पाहिल्यावर ती आता प्रत्येक गोष्टीकडे आधाशासारखी बघत होती. काच, माणसं, झाडू, टेबल.

टेबल पाहिलं आणि तिने डावा हात उचलला.

"चा... कू," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने खुर्ची पुढे रेटली. तिने टेबलाची कड धरली. खुर्ची थांबली.

"आपला," ती म्हणाली.

"तो नव्हे गं," म्हातारा घाईने म्हणाला. "तसाच दिसतो. आपला घरी आहे. फडक्यात गुंडाळून ठेवलाय."

पण आजीने तो उचललाच. एका हाताने, नख खाचेत घालून, मूठ मांडीवर दाबून तिने तो उघडला. रांगेतल्या एकाने कौतुकाने "वा, आजी!" म्हटलं. तिने पात्याची पाठ ओठांना लावून पाहिली, बोटांवर विश्वास नसल्यासारखी. मग मान हलवली. नाही. आपला नाही. म्हाताऱ्याने सोडलेला श्वास मेजरला ऐकू आला.

आजीने मेजरकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत खरोखरीची कणव होती. "तुमचा?"

"माझा," मेजर म्हणाला.

तिला एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "कलमाचा... म्हणून... दिला? फसवलं... तुम्हाला. काही... कळत... नाही... त्या माणसाला."

रांगेत हशा पिकला. वाईट हसू नव्हतं ते. एका आजारी बाईने टेचात दिलेल्या निकालाचं हसू. नवी मुलगीसुद्धा हसली. पण मेजरच्या कानांत तेच जुनं फिदीफिदी हसू वाजलं, आणि त्याचं तोंड त्याच्या आधीच बोलून गेलं.

"आजी, यंदा शंभरातला एकसुद्धा डोळा लागला नाही, माहीत आहे ना तुम्हाला? नव्वद-बिव्वद काही नाही. सगळे काळे पडले. विचारा यांना."

हसणं थांबलं. म्हाताऱ्याचे हात खुर्चीच्या दांड्यांवर होते तिथेच राहिले. आजीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तिने डावा हात उचलला, बोटं पसरली, किती ते विचारायला. मग हात तसाच अर्ध्यावर राहिला आणि हळूच मांडीवर, दुसऱ्या हातावर येऊन पडला. चाकू घसरून फरशीवर वाजला.

"चला," म्हातारा म्हणाला. कुणाला ते कळलं नाही. त्याने खुर्ची वळवली.

काचेतून मेजरला दोघं दिसत होती. बाहेरच्या उतारावर, अर्ध्या वाटेत, म्हातारा थांबला. खुर्चीच्या पुढे येऊन तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि बोलायला लागला. बराच वेळ बोलत होता. ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. मागून एका रुग्णवाहिकेने हॉर्न दिला. म्हातारा दचकून उठला, गुडघ्यावर हात टेकून, आणि घाईघाईने खुर्ची बाजूला ढकलायला लागला. त्यात पुढचं चाक कडेच्या नाल्यात गेलं. दोन माणसं धावली. त्यांनी खुर्ची उचलून दिली. ते तिघं आणि खुर्चीतली आजी रुग्णवाहिकेच्या पलीकडे गेले आणि मग काही दिसलं नाही.

मेजरने मिशीवरून हात फिरवला.

"पुढचा," तो म्हणाला.

पुढचा तो मघाशी 'वा, आजी' म्हणणाराच होता. त्याने फरशीवरचा चाकू उचलून टेबलावर ठेवला, मग खिसे उलटे केले, बूट काढले, मोजे काढले, आणि कुणी काही सांगायच्या आत एक पाऊल मागे जाऊन उभा राहिला.